बेसीचं सुकाणू

बोट बघायला आलेला माणूस सॉमरसेटहून तीन तास गाडी हाकत आला होता. गिलन खाडीच्या काठावर उभा राहून तो ‘बेसी’ न्याहाळत होता, आणि गारफील्ड नान्स त्याला इंजिन किती तास चाललंय, तळाला रंग कधी दिला, ते सांगत होता. सांगताना त्याची नजर समोरच्याच्या तोंडावर नव्हती, कानावर होती. त्याला इलाज नव्हता. दोन वर्षांपासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, एक करडा डाग पसरत चालला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, आणि त्याच्या आजूबाजूचं तेवढं शिल्लक राहायचं.

“पसंत आहे,” माणूस म्हणाला. “शनिवारी ट्रेलर घेऊन येतो.”

बोटीतलं पाणी उपसून वर आलेली त्याची बायको थर्झा हातातली बादली तशीच धरून उभी होती. ती म्हणाली, “येऊ नका. बोट विकायची नाही.”

दोघंही तिच्याकडे वळले. गारफील्डने हसायचा प्रयत्न केला. “अगं, आपलं ठरलंय ना?”

“तुझं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही.” मग त्या पाहुण्याला म्हणाली, “तुम्हाला फुकटचा हेलपाटा पडला, माफ करा. घरी चला, चहा घ्या. केकही आहे.”

माणूस केक खाऊन गेला. तो गेल्यावर गारफील्डने कपबशा मोरीत नेऊन ठेवल्या. मग म्हणाला, “आणि चालवणार कोण? तुझी सासू?”

बोटीला त्याच्या आईचं नाव होतं, म्हणून तो असं म्हणाला.

“मी,” थर्झा म्हणाली.

थर्झा तेव्हा बासष्ट वर्षांची होती. गावच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली होती, आणि आसपासच्या चार गावांत तिच्या हातचं न जेवलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. बोटीतही ती लग्न झाल्यापासून होती, पण पुढच्या फळीवर. गारफील्ड म्हणेल तेव्हा दोर टाकायचा, म्हणेल तेव्हा बोट धक्क्याला घासू नये म्हणून रबरी फुगे कडेला सोडायचे, म्हणेल तेव्हा डोकं खाली घ्यायचं. सुकाणूला तिने हात लावला असेल तो पुसण्यासाठी. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पण गिलनला बोटीशिवाय राहणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. फालमथ समोर दिसतं, पाण्यावरून पाच मैल. रस्त्याने जायचं तर हेलफर्ड नदीला वळसा घालून अरुंद गल्ल्यांतून वीस मैल, आणि उन्हाळ्यात पुढे सुट्टीवाल्यांच्या गाड्यांची रांग. गारफील्डला दर पाच-सहा आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ट्रुरोच्या इस्पितळात जावं लागे, आणि तिथली रेल्वेगाडी फालमथहून सुटे. त्यासाठी बोट सोयीची होतीच, पण खरी गोष्ट वेगळी होती. बोट गेली तर हा माणूस खिडकीशी बसेल आणि उठायचा नाही, अशी तिला भीती होती. तसे दोन-तीन जण तिने गावात बघितले होते.

एप्रिलमध्ये तिने फालमथच्या एका शाळेत बोट चालवण्याचा पहिला कोर्स केला. दोन दिवसांत तिने धक्क्याला तीनदा बोट आपटली, एक फुगा फोडला आणि तरी प्रमाणपत्र मिळवलं. गारफील्डने ते हातात घेऊन डोळ्यांच्या कडेने वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “खाडीत गोल गोल फिरायला बरं आहे.” हे टोचलं, कारण खरं होतं. त्या कागदावर फालमथपर्यंत जायची तिची छाती झाली नसती. म्हणून सप्टेंबरमध्ये तिने पुढचा कोर्स घेतला. नकाशा, भरती-ओहोटी, किनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं, असं सगळं त्यात होतं.

शिकवायला मेरिन नावाची पस्तिशीची बाई होती. नाव वाचल्यावर तिने मान वर केली. “मिसेस नान्स? शाळेतल्या?”

“तू कोणाची गं पोरी?”

“रोस्क्रूच्या शेतावरची. मी तुमचे वाटाणे मोज्यात लपवायचे.”

“तू होय ती! जमीन पुसायला लागायची मला.”

दुसरा विद्यार्थी क्लेमेंट हॉस्किन नावाचा निवृत्त दंतवैद्य होता. त्याने मोठी नवी बोट घेतली होती, आणि अंगावरचं सगळं इतकं नवं होतं की चालताना कपडे आवाज करत. माणूस वाईट नव्हता. फक्त गप्प राहिलं तर आपण तिथे नाही असं लोकांना वाटेल, अशी त्याला काळजी असावी.

पहिल्या सकाळी मेरिनने पाणी किती चढतं त्याचा हिशेब शिकवला. ओहोटी संपल्यापासून भरती पुरी होईपर्यंत सहा तास. सगळ्या चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. क्लेमेंट कॅल्क्युलेटर शोधत होता, तोवर थर्झाने उत्तर सांगून टाकलं.

“कसं केलंत?” त्याने विचारलं.

“नव्वद पोरांना पाच परातींतून बटाटा-खिमा वाढत आले. हे त्यापेक्षा सोपं आहे. इथे परत वाढा म्हणत कुणी येत नाही.”

त्यामुळे मेरिनने पर्कुएल खाडीत जायचा बेत तिलाच आखायला सांगितला. खाडी वरच्या अंगाला उथळ, ओहोटीला नुसता चिखल. थर्झाने भरतीचं कोष्टक बघितलं. ओहोटी संपणार नऊ वाजून दहा मिनिटांनी. अकरा-सव्वाअकराला पोचलो तर दोन तासांचं पाणी चढलेलं असणार, बारातले तीन भाग. बोटीला पुरून उरेल. तिने पेन्सिलने नीट लिहून काढलं, दोनदा ताडून बघितलं. मेरिनने कागद वाचला आणि परत दिला. “तुमचा बेत आहे, तुम्हीच न्या.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी, पाण्यात रोवलेल्या शेवटच्या खांबापासून शंभर-एक हातांवर, बोट आधी मऊ पडली, मग थांबली. मागे इंजिनाने चॉकलेटी पाणी उडवलं. मेरिनने हात पुढे करून ते बंद केलं आणि त्याचा पाण्यातला भाग वर उचलला.

“रुतलो,” क्लेमेंट म्हणाला. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल असं त्याला वाटलं असावं.

थर्झाचे कान तापले. “असं कसं? मी दोनदा बघितलंय.”

“कोष्टकाच्या वरच्या कोपऱ्यात काय लिहिलंय, वाचा,” मेरिन म्हणाली.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की दिलेल्या वेळा ग्रिनिचच्या आहेत. उन्हाळ्यात एक तास मिळवावा. मार्चमध्ये सगळ्या देशाने घड्याळं तासभर पुढे केली होती. समुद्राने केली नव्हती. म्हणजे ओहोटी संपून दोन नव्हे, एकच तास झाला होता, आणि पाणी चढलं होतं बारातला एकच भाग.

“तुला माहीत होतं,” थर्झा म्हणाली.

“हो. पण चिखल मऊ आहे आणि पाणी चढतंय. चाळीसेक मिनिटांत सुटू. एकदा रुतलं की माणूस तो तास जन्मात विसरत नाही.” मेरिनने थर्मास काढला. “चहा?”

तिघंजण चिखलात बसून चहा प्यायले. बाजूला बगळ्यासारखे लांब पायांचे दोन पक्षी त्यांच्याकडे दुर्लक्ष करत किडे टिपत होते. आधी क्लेमेंटने त्याच्या बोटीची सगळी वैशिष्ट्यं सांगितली. मग त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “खरं सांगायचं तर मी जूनपासून ती बाहेरच काढलेली नाही. पहिल्याच दिवशी धक्क्यावर दुसऱ्या बोटीला घासली. दहा माणसं बघत होती.”

“मी तीनदा आपटली,” थर्झा म्हणाली. “बघणारे मोजले नाहीत.”

मग तिने गारफील्डच्या डोळ्यांचं सांगितलं. थोडक्यात, बटाटे सोलताना सांगावं तसं. “मला बोट चालवायचा शौक नाही,” ती म्हणाली. “म्हणजे नव्हता. आता काय आहे ते मलाच कळत नाही. पण सुकाणू हातात घेतलं की मी मागे वळून बघते. कुणी ‘हं, आता वळव’ म्हणेल म्हणून.”

“बघितलंय मी ते,” मेरिन म्हणाली. “सकाळपासून अकरा वेळा वळलात. उद्या मी तुमच्या मागे बसणारच नाही.”

तेवढ्यात बोट हलकेच डोलली आणि सुटली.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर गारफील्डने विचारलं, “मग? काय शिकलीस?”

“पर्कुएलच्या चिखलात चाळीस मिनिटं बसायला.”

गारफील्डने कारण विचारलं, तिने तासाचं सांगितलं, आणि तो हसायला लागला. डोळे पुसत, टेबलावर हात आपटत हसला. गेल्या वर्षभरात तो असा हसलेला तिला आठवत नव्हतं. आधी तिला राग आला, मग तीही हसली.

जेवण झाल्यावर तिने टेबलावर नकाशा पसरला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या समुद्रातून, मॅनेकल्सच्या खडकांना वळसा घालून कव्हरॅकपर्यंत जायचं होतं. गारफील्ड खुर्ची सरकवून लांब झाला. “माझा काय उपयोग? मला त्यावरची रेघही दिसत नाही.”

“तुला रेघ कुणी विचारलीय? पोर्थूस्टॉक गावासमोर पाण्यात काय आहे ते सांग.”

“खडक आहेत.”

“ते मलाही छापलेलं दिसतंय. तू कसा जायचास?”

तो जरा वेळ बोटांनी टेबलावर वाजवत राहिला. मग सांगू लागला. सेंट केव्हर्नच्या चर्चचा मनोरा किनाऱ्यावरच्या दगडखाणीच्या कुठल्या कोपऱ्यावर आला की आतली वाट मोकळी होते. ओहोटीत कुठे पाणी उकळल्यासारखं दिसतं. कुठल्या तरंगत्या बोयाकडे बघून लोक फसतात, कारण प्रवाह तिरका ओढतो. त्याच्या बापाने दाखवलेलं, बापाला त्याच्या काकाने दाखवलेलं. थर्झा तो मनोरा नकाशावर शोधून त्यातून पट्टीने रेघ ओढत गेली. रेघ दोन खडकांच्या खुणांमधून, दोन्हीकडे बोटभर जागा सोडून गेली.

“बरोबर येतंय,” ती म्हणाली. “अगदी मधून.”

“येणारच. मरायचो का नाहीतर?” पण त्याने बोट पुढे केलं. तिने ते रेघेवर टेकवलं आणि वरून खालपर्यंत नेलं. “इथे बाहेरूनच जा,” तो एका ठिकाणी म्हणाला. “मी आतून जायचो. तू जाऊ नकोस.”

“नाहीच जाणार. मेरिनने हीच खूण लाल केलीय.”

“हुशार आहे मुलगी.”

“मोज्यात वाटाणे लपवायची.”

दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेचा, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा होता. असा वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं, आणि जितकं बाहेर जावं तितका तो जोर धरतो. मेरिन ठरल्याप्रमाणे पुढे जाऊन बसली, थर्झाकडे पाठ करून. कव्हरॅकला पोचेपर्यंत क्लेमेंटने बोट नेली आणि नीट नेली. परतीला सुकाणू थर्झाकडे आलं. लाटा बाजूने येत होत्या. लाट चढताना वेग द्यायचा, माथ्यावर काढून घ्यायचा, हे तिच्या मनगटाला हळूहळू कळत होतं.

मॅनेकल्सच्या अलीकडे, किनाऱ्यापासून पाऊण मैलावर, तिला पाण्यावर काहीतरी केशरी दिसलं. आधी बोया वाटला. मग त्या बोयाने हात हलवला.

उभं राहून वल्हवायची एक फुगवलेली फळी होती ती. तिच्यावर एक तरुणी पालथी पडली होती, आणि एका हाताने तिने ओला, काळा कुत्रा दाबून धरला होता. वल्हं गेलं होतं. वारा तिला सरळ समुद्रात आणि प्रवाह खडकांकडे ढकलत होता.

मेरिनने वळून बघितलं, रेडिओ उचलला आणि तटरक्षकांना जागा कळवली. मग थर्झाला म्हणाली, “सुकाणू तुमच्याकडे आहे.” बस्स, एवढंच.

“वरून जा! वाऱ्याच्या बाजूने!” क्लेमेंट ओरडला. “आपला आडोसा होईल तिला! आताच वळवा, डावीकडे!”

थर्झाचे हात डावीकडे गेलेही. कुणी ओरडलं की हात हलायचे, लग्नापासूनची चौतीस वर्षांची सवय होती. बोट चार हात वळली, आणि मग तिला दिसलं की वरच्या अंगाने गेलो तर वारा ही सगळी जड बोट त्या पोरीच्या अंगावर नेऊन घालेल. तिने सुकाणू परत फिरवलं.

“मिस्टर हॉस्किन, दोर घ्या आणि खाली बसा,” ती म्हणाली. शाळेत धक्काबुक्की करणाऱ्या रांगेला म्हणायची त्याच आवाजात. “मी सांगेन तेव्हा हात पुढे करायचा. तोवर काही बोलायचं नाही.”

क्लेमेंट बसला.

ती लांबून वळसा घेऊन खालच्या बाजूला गेली, बोटीचं नाक वाऱ्याकडे केलं आणि पावलापावलाने वर चढू लागली. गिअर घालायचा, काढायचा, घालायचा, काढायचा. पहिल्यांदा एक लाट नाकाखाली आली आणि बोट तिरकी होऊन मागे पडली. “सोडते,” ती मोठ्याने म्हणाली, “पुन्हा येते.” फळीवरची पोरगी रडायला लागली. थर्झाने तिला ओरडून सांगितलं, “रडू नको गं, मी कुठे जात नाहीये. कुत्रा घट्ट धर.” आणि पुन्हा वळसा घेतला.

दुसऱ्या वेळेला फळी बोटीच्या कुशीला लागली. थर्झाने इंजिन पूर्ण बंद केलं. “आता!”

क्लेमेंटने आणि मेरिनने हात घातले. पोरगी म्हणत होती, “आधी त्याला! आधी त्याला घ्या!” म्हणून आधी कुत्रा आला. तो क्लेमेंटच्या मांडीवर चढला, अंग झाडलं, आणि त्याच्या नव्या कपड्यांवर ओकला. मग पोरगी आली. तिचे ओठ निळे पडले होते. मेरिनने तिला कोरडा कोट गुंडाळला. फळीचा दोर क्लेमेंटने मागे बांधला, आणि गाठ बरोबर घातली.

परत निघाल्यावर थर्झाने सुकाणू जरा जास्त घट्ट धरलं. पोर्थूस्टॉकच्या किनाऱ्यावर पोरीचा नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने बायकोला आणि कुत्र्याला एकदमच कवेत घेऊन उतरवलं. कुत्रा भुंकत राहिला.

फालमथला धक्क्याला लागल्यावर क्लेमेंट म्हणाला, “मी उगाच ओरडलो.”

“ओरडलात खरे. पण हात वेळेवर आला तुमचा.”

मेरिन थर्झाच्या प्रमाणपत्रावर सही करत होती. “तुम्ही आज किती वेळा मागे वळलात माहितीय?”

“मोजत होतीस?”

“पाठ करून कशी मोजणार?” ती हसली आणि कागद पुढे केला.

ऑक्टोबरमध्ये इंजेक्शनची तारीख आली. थर्झाने आदल्या दिवशी कोष्टक बघितलं, एक तास मिळवला, पुन्हा एकदा मिळवलेला आहे ना ते बघितलं, हवामानाचा अंदाज ऐकला, आणि किनाऱ्यावरच्या शेजारणीला सांगून ठेवलं की बारापर्यंत फोन आला नाही तर तटरक्षकांना कळव. गारफील्ड बोटीत चढला आणि सवयीने सुकाणूकडे गेला. तिथे दोघं समोरासमोर उभी राहिली. मग तो बाजूला झाला.

फालमथच्या तोंडावरच्या पेंडेनिसच्या टोकापर्यंत तो गप्प होता. तिथून पुढे गप्प राहणं त्याला झेपलं नाही. “वेग कमी कर. आता डावीकडे. अगं, डावीकडे म्हणतोय. ती प्रवासी बोट येतेय, दिसतेय का?”

“दिसतेय.”

“मग वळव ना!”

“गारफील्ड, तुला मी दिसते का?”

“कडेने दिसतेस.”

“मग कडेनेच बघ. दोर हातात घे. मी ‘उतर’ म्हणेन तेव्हा उतरायचं.”

धक्क्याला लागायला तिला तीन खेपा लागल्या. पहिल्या दोन्हींत वाऱ्याने नाक बाहेर नेलं, आणि दोन्ही वेळेला गारफील्डच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं, जे त्याच्या आईने ऐकलं असतं तर बरं झालं नसतं. तिसऱ्या वेळेला बोट सरकत जाऊन लाकडाला टेकली. “उतर,” थर्झा म्हणाली. त्याने पायाने काठ चाचपला, उतरला, आणि खुंटी हाताने शोधून दोर दोन वेढ्यांत आवळला. त्या कामाला त्याला डोळे लागत नव्हते. मग दोघं स्टेशनाकडे चालू लागली, ट्रुरोची गाडी पकडायला. चालता चालता तो म्हणाला, “दुसरी खेप खरं म्हणजे बरी होती. तू सोडायला नको होती.”

“सोडायला हवी होती.”

“हं,” तो म्हणाला. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, “हं. बहुतेक हवी होती.”

त्याचे डोळे सुधारले नाहीत. इंजेक्शनांनी तो डाग जिथे होता तिथे थांबला, आणि डॉक्टर म्हणाल्या की यालाच चांगलं म्हणायचं. पण गारफील्ड खिडकीशी बसला नाही. कडेच्या नजरेने तो लांबचे बोये आणि खेकड्यांच्या सापळ्यांची तरंगती निशाणं थर्झाच्या आधी ओळखू लागला, आणि तिने न विचारता सांगू लागला. त्यावरून आठवड्यातून एकदा तरी भांडण व्हायचं. हिवाळ्यात ती बोट काढत नसे. त्या महिन्यांत दोघं रस्त्याने जात आणि रस्त्याला शिव्या देत.

पुढच्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी ती दोघं कव्हरॅकला गेली. मॅनेकल्सच्या बाहेरून, सरळ रेघेने. धक्क्याच्या भिंतीवर बसून त्यांनी खिमा भरलेल्या गरम पेस्टी खाल्ल्या, एका सीगलने गारफील्डचा अर्धा तुकडा पळवला, आणि वारा फिरायच्या आत, दोनच्या सुमाराला, थर्झा म्हणाली की आता निघायला हवं. गारफील्ड म्हणाला अजून तासभर आहे. तिने आकाशाकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि इंजिन सुरू केलं. तो उठला आणि दोर सोडायला गेला.